विश्लेषण : कडबा, पेंढा, भुसा की गवत? सुक्या चाऱ्यातला फरक मीरा रोडच्या दुधाच्या भावात कसा उतरतो?

मीरा रोड पूर्वेला पूनम सागर, शांतीनगर किंवा नयानगरमध्ये राहणाऱ्या माणसाचा वैरणीशी संबंध काय, असं विचारलं तर बहुतेक जण हसतील. फार तर महामार्गावर काशिमीऱ्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही बाजूंनी फुगलेला गवताचा ट्रक पुढे आला म्हणून शिव्या घातलेल्या आठवतील. किंवा देवळाबाहेर गाय घेऊन बसलेल्या बाईकडून घेतलेली दहा-वीस रुपयांची गवताची पेंढी. पण याच इमारतींमध्ये सकाळी तबेल्याचं सुटं दूध येतं आणि त्याचा भाव वाढला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालते.

मार्च २०२३ मध्ये असंच झालं होतं. मुंबईतल्या तबेलेवाल्यांच्या संघटनेने म्हशीच्या सुट्या दुधाचा घाऊक दर लिटरमागे ८० रुपयांवरून ८५ रुपये केला. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्येच तो ८० वर नेला होता. कारण सांगितलं गेलं ते महागलेल्या चाऱ्याचं आणि पशुखाद्याचं. तेव्हा अनेकांनी लिहिलं, ‘गवत ते काय, त्याचा एवढा भाव?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र ‘चारा महागला’ एवढ्या दोन शब्दांत संपत नाही. कारण ज्याला आपण सरसकट सुका चारा म्हणतो त्यात किमान सहा-सात वेगवेगळ्या वस्तू आहेत. त्या वेगळ्या पिकांतून येतात, वेगळ्या जिल्ह्यांतून येतात आणि जनावराच्या पोटात गेल्यावर वेगळं काम करतात. यातली एक कमी झाली म्हणून दुसरी घातली की दूध तितकंच राहतं असं होत नाही.

पहिला गोंधळ : वाळलेलं गवत आणि पिकाचं काड

सगळ्यात मोठा फरक इथेच आहे आणि शहरात तो जवळजवळ कुणालाच माहीत नसतो.

गवत किंवा लसूणघास चाऱ्यासाठीच लावला, तो फुलोऱ्याच्या सुमाराला कापला आणि वाळवून ठेवला, तर तो वाळवलेला चारा. रोपाने जमवलेलं सत्त्व अजून पानांत आणि खोडांत असतानाच त्याला कापलेलं असतं. याउलट कडबा, पेंढा, भुसा हे सगळे पिकाचे अवशेष आहेत. रोपाने आयुष्यभर कमावलेलं सत्त्व दाण्यात भरलं, दाणा माणसाने काढून घेतला आणि मागे राहिलं ते काड. रंग दोन्हींचा पिवळट, गठ्ठा दोन्हींचा सारखाच दिसतो. पण चांगल्या वाळवलेल्या लसूणघासात १५ टक्क्यांहून अधिक प्रथिनं असू शकतात, तर भाताच्या पेंढ्यात आणि गव्हाच्या भुशात ती तीन-चार टक्के. म्हणजे चार-पाचपट फरक.

जागतिक व्यापारात सीमाशुल्कासाठी वस्तूंची जी सांकेतिक यादी वापरतात, तिच्यातही हे दोन वेगळे आहेत. धान्याचं काड आणि कोंडा १२१३ या शीर्षकाखाली, तर वाळवलेलं गवत, लसूणघास वगैरे १२१४ खाली. आपल्याकडे मात्र ‘सुका चारा’ या एकाच शब्दात दोन्ही जातात, सरकारी कागदांवरसुद्धा.

घरात ससा पाळणाऱ्यांना हा फरक जरा लवकर कळतो. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला आणि आतडं चालू राहायला त्याला दिवसभर गवत चघळावं लागतं. म्हणून दुकानात ‘टिमोथी’ नावाचं वाळवलेलं गवत पाकिटात मिळतं. थंड प्रदेशातलं हे गवत आपल्याकडे बहुतेक बाहेरून येतं (अमेरिकेत त्याचा प्रसार करणाऱ्या अठराव्या शतकातल्या टिमोथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्यावरून त्याचं नाव पडलं). ते महाग म्हणून कुणी पेंढा आणून घातला तर ससा त्यावर बसेल, झोपेल, थोडा कुरतडेलही. पण त्याचं पोषण पेंढ्यावर होणार नाही. म्हशीला चार कप्प्यांचं पोट आहे म्हणून ती पेंढ्यातूनही काहीतरी काढते. किती काढते, हाच सगळा हिशेब आहे.

मग पालघरहून येणारं गवत कुठल्या बाजूचं?

पालघर, वाडा, विक्रमगड, वसई या पट्ट्यातून मुंबईच्या तबेल्यांकडे दरवर्षी गवत आणि पेंढा येतो. दिवाळीनंतर माळरानावरचं गवत कापायचं, वाळवायचं, यंत्रावर दाबून गठ्ठे बांधायचे आणि ट्रक भरायचा, हा तिकडच्या अनेक आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांचा हंगामी रोजगार आहे.

हे गवत आहे म्हणजे पेंढ्यापेक्षा चांगलं असणार, असं वाटतं. कागदावर ते खरं आहे. अडचण आहे ती पावसाची. कोकणातलं गवत सर्वांत सकस असतं ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, फुलोऱ्यात येताना. पण तेव्हा आभाळ उघडत नाही. कापलं तर वाळणार कुठे? जमिनीवरच कुजेल. म्हणून कापणी होते ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे. तोवर बी झडून गेलेलं असतं, खोड कडक होऊन लाकडासारखं झालेलं असतं, प्रथिनं घसरलेली असतात. थोडक्यात, आपल्या डोंगरातलं वाळलेलं गवत नावाने गवत असलं तरी गुणाने काडाच्या जवळ जातं. यात कापणाऱ्याचा दोष नाही, हवामानाचा आहे. युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत उन्हाळ्यात कोरडे दिवस मिळतात, म्हणून तिथे फुलोऱ्यातलं गवत वाळवता येतं.

वाळवण्याऐवजी हिरवंच कापून, हवाबंद करून मुरवायचं, म्हणजे मूरघास करायचा, हा त्यावरचा एक उपाय. राज्यात मक्याचा मूरघास गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगलाच पसरला आहे. डोंगरातल्या गवताचा मात्र फारसा होत नाही.

भाताचा पेंढा : कोकणाचा आधार, पंजाबचा धूर

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या धुराच्या बातम्या आल्या की समाजमाध्यमांवर एक प्रश्न हमखास फिरतो. पंजाबचा शेतकरी पेंढा जाळतो कशाला, इकडे दुष्काळी भागात का पाठवत नाही?

त्याचं एक कारण वाहतुकीचं आहे. पेंढा हलका आणि फुगीर असतो. ट्रक आकाराने भरतो, वजनाने भरत नाही. दीड हजार किलोमीटर नेईपर्यंत त्याच्या किमतीपेक्षा भाडंच जास्त होतं. पण दुसरं कारण चाऱ्याच्या गुणांचं आहे. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते, बऱ्याचदा १० टक्क्यांच्या वर. वाळूच्या जातीचाच हा पदार्थ. तो पचत तर नाहीच, शिवाय पोटातल्या जिवाणूंना तंतूंपर्यंत पोहोचू देत नाही. पेंढ्यात ऑक्झलेटही असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणजे जनावराच्या अंगी लागायचं कॅल्शियम शेणावाटे निघून जातं. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याकडे गव्हाचा भुसा उपलब्ध असताना तो बिगरबासमती भाताच्या पेंढ्याला हात लावत नाही, त्यामागे हे आहे.

मग कोकणात, बंगालात, केरळात गुरं पेंढ्यावर कशी जगली? एक तर तिथे दुसरं काही फारसं पिकत नाही. आणि दुसरं म्हणजे तिथली जनावरं त्या चाऱ्याला साजेशी आहेत. कोकण कपिलासारखी लहान चणीची गाय दिवसभर डोंगरात चरते, संध्याकाळी गोठ्यात उडवीतला पेंढा खाते आणि एक-दोन लिटर दूध देते. तिच्या देहाचा खर्चच कमी. त्याच पेंढ्यावर मुंबईच्या तबेल्यातली मुऱ्हा किंवा जाफराबादी म्हैस ठेवली आणि दिवसाला दहा लिटरची अपेक्षा धरली, तर काही आठवड्यांत तिची हाडं दिसू लागतील.

एक गोष्ट मात्र पेंढ्याच्या बाजूने. ज्वारीत, गव्हात पान पचायला सोपं आणि खोड अवघड. भातात उलटं आहे, सिलिका पानात जास्त आणि खोड त्या मानाने बरं. त्यामुळे पानोळा दिसला म्हणून चांगला, हा कडब्याला लागू पडणारा नियम पेंढ्याला लावला तर फसगत होते.

पेंढा सुधारण्याचा युरियाचा उपाय कृषी विद्यापीठं कित्येक वर्षं सांगत आली आहेत. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून हवाबंद करायचा आणि तीन आठवडे उघडायचा नाही. प्रथिनांचं प्रमाण साधारण दुप्पट होतं, पचनही वाढतं. तरी हा उपाय गावोगाव रुजला नाही. मेहनत आहे, प्लॅस्टिकचा खर्च आहे आणि चुकलं तर युरियाची विषबाधा होण्याची भीतीही खरी आहे. व्हिडिओ पाहून अंदाजाने युरिया टाकणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

कडबा आणि त्याची गुणवत्ता ओळखणारा बाजार

महाराष्ट्राच्या पठारावर ‘वैरण’ म्हटलं की पहिली डोळ्यांसमोर येते ती कडब्याची गंजी. ज्वारीचं कणीस कापल्यावर उरलेलं ताट म्हणजे कडबा. प्रथिनं यातही चार-पाच टक्क्यांच्या आसपासच, पण पचणारा भाग पेंढ्या-भुशापेक्षा जास्त, आणि ताटात थोडी साखर राहिलेली असते म्हणून गुरं आवडीने खातात. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, नगर, बीड या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात गाय-बैल टिकले ते कडब्यावर.

इथे मालदांडीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही पेरला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच मालदांडीला. जास्त दाणा देणारे किती तरी संकरित वाण नंतर आले, तरी शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही. बाहेरच्या तज्ज्ञांना हे बरीच वर्षं कोडं वाटायचं. उत्तर गोठ्यात होतं. बुटक्या संकरित ज्वारीने दाणा जास्त दिला पण वैरण कमी आणि जाड दिली. शेतकरी एका पिकातून दोन घरं चालवत होता, माणसांचं आणि गुरांचं. संशोधक एकाच घराचा हिशेब मांडत होते.

कडब्याच्या व्यापाऱ्यांना मात्र गुणवत्ता बरोबर कळत होती. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट आणि आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०००च्या दशकात हैदराबादच्या बाजारातला ज्वारीचा कडबा तपासला. तिथल्या शहरी तबेल्यांसाठी तो शेजारच्या राज्यांतूनही येई. व्यापारी नुसतं पाहून, हाताळून, चावून चांगला-वाईट ठरवत. प्रयोगशाळेत तोच कडबा तपासला तेव्हा असं दिसलं की पचनीयता ४७ वरून ५२ टक्के, म्हणजे फक्त पाच अंकांनी वाढली, तर भाव २५ टक्के किंवा त्याहून जास्त मिळत होता. यंत्र नव्हतं, प्रमाणपत्र नव्हतं. तरी भाव गुणाप्रमाणे लागत होता.

आपल्याकडे कडबा विकला जातो तो शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांचा भाव. पेंढी केवढी, हे प्रत्येक तालुक्यात वेगळं. त्यामुळे ‘कडबा चार हजार रुपये शेकडा’ अशी बातमी वाचून दोन जिल्ह्यांची तुलना करायची तर आधी पेंढीचं वजन विचारावं लागतं. बातमीत ते जवळजवळ कधीच नसतं.

गव्हाचा भुसा, कुटार, गुळी आणि वाडं

बाकीच्यांची ओळख जरा लवकर उरकू.

गव्हाचं काड मळणीत बारीक होऊन भुसा होतो. प्रथिनं पेंढ्याइतकीच कमी, सिलिका मात्र पेंढ्यापेक्षा बरीच कमी. पोट भरायला आणि रवंथ करायला ठीक. उत्तर भारतातला तो मुख्य सुका चारा. म्हणून तिकडे गव्हाला काही झालं की झळ इथवर पोहोचते. मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, गहू होरपळला, शिवाय बऱ्याच शेतकऱ्यांनी त्या वर्षी गव्हाऐवजी मोहरी घेतली होती. हरियाणातल्या काही जिल्ह्यांनी भुसा बाहेर नेण्यावर बंदी घातली. ऑगस्ट २०२२ मध्ये घाऊक किंमत निर्देशांकातली चाऱ्याची महागाई वर्षभरात २५ टक्क्यांच्या वर गेली, नऊ वर्षांतली सर्वाधिक. मुंबईतली सप्टेंबरची दरवाढ या आकड्याच्या शेजारी ठेवून पाहा.

कडधान्यांचं भुसकट ही खरी दुर्लक्षित वस्तू. विदर्भात त्याला कुटार म्हणतात, मराठवाड्यात हरभऱ्याच्या भुसकटाला गुळी. तूर, हरभरा, मूग, उडीद यांच्या पाल्यात प्रथिनं तृणधान्यांच्या काडापेक्षा जास्त. भुईमुगाचा वाळलेला वेल तर ८ ते १० टक्क्यांपर्यंत जातो. शेळ्यांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. पण मळणी यंत्रातून आलेलं कुटार धुळीने भरलेलं असतं, चाळून, किंचित पाणी मारून द्यावं लागतं.

सोयाबीनचं कुटार या कुटुंबातलं असूनही जरा वेगळं. पीक पूर्ण वाळून, पानं गळून गेल्यावर कापलं जातं, म्हणजे हाती येतं ते मुख्यतः काटकी आणि शेंगांची टरफलं. टरफलं गुरं खातात, काटक्या मागे टाकतात.

उसाचं वाडं हे सुकं नव्हे, पण पश्चिम महाराष्ट्रात ऑक्टोबर ते मार्च गोठ्यात तेच असतं, म्हणून सांगितलं पाहिजे. ऑक्झलेट त्यातही आहे. महिनोन्महिने नुसत्या वाड्यावर राहिलेल्या गाई माजावर येत नाहीत, व्यायल्यावर आडव्या पडतात, अशा तक्रारी पशुवैद्यकांकडे नेहमी येतात. त्यावर चुन्याची निवळी शिंपडायचा सल्ला जुना आणि स्वस्त आहे.

दुधाचं फॅट आणि सुका चारा

शहरी ग्राहकाला भिडणारा मुद्दा हा. म्हशीच्या पोटातले जिवाणू लांब तंतूंचा चारा आंबवतात तेव्हा त्यातून मुख्यतः ॲसेटिक आम्ल तयार होतं आणि दुधातली चरबी बऱ्याच अंशी त्यापासून बनते. सुका चारा कमी करून खुराक वाढवला तर दूध वाढल्यासारखं दिसतं, फॅट मात्र उतरतं. चारा पिठासारखा बारीक करून दिला तरी तेच होतं, कारण रवंथ कमी होते. म्हणून कुट्टी करावी, पण ती इंच-दीड इंचाची. अख्खा कडबा टाकला तर पाव ते तिसरा हिस्सा गुरं तुडवून वाया घालवतात, हेही खरं.

याचीच दुसरी बाजू देवळाबाहेर दिसते. पुण्य म्हणून गाईला एकामागून एक पोळ्या, भात, गूळ, पाव भरवतात. सुटीच्या दिवशी किंवा अमावस्येला एकाच गाईच्या पोटात हे किलोंनी जातं. पिठूळ अन्न एकदम आंबलं की पोटात आम्ल साचतं आणि गाय आजारी पडते, क्वचित मरते. गाईला काही द्यायचंच असेल तर सुकं किंवा हिरवं गवत द्यावं.

भाव किलोवर पाहिला तर फसाल

हिरवा चारा स्वस्त, सुका महाग, असं वरवर दिसतं. एक ढोबळ गणित करू. समजा हिरवा नेपियर ३ रुपये किलो आणि कडबा १० रुपये किलो. नेपियरमध्ये ८० टक्के पाणी, म्हणजे एक किलो कोरडा भाग मिळवायला पाच किलो घ्यावा लागेल : १५ रुपये. कडब्यात पाणी १० टक्के, एक किलो कोरडा भाग साधारण ११ रुपयांना पडला. पण प्रथिनांवर हिशेब केला तर पारडं पुन्हा फिरतं. कडब्याच्या किलोत प्रथिनं ४० ग्रॅमच्या आसपास, चांगल्या वेळी कापलेल्या नेपियरच्या कोरड्या किलोत त्याच्या दुप्पट. प्रथिनांची तूट भरायला पेंड किंवा चुणी घ्यावी लागते आणि ती सगळ्यांत महाग. तबेल्यात चाऱ्याचा दर्जा घसरला की खर्च खरा वाढतो तो इथे.

पाचशे किलोच्या दुभत्या म्हशीला दिवसाला १२ ते १५ किलो कोरडा भाग लागतो. तबेल्यात अशा पन्नास-शंभर म्हशी, स्वतःची जमीन गुंठाभरही नाही, म्हणजे काडीन् काडी विकत. गावच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात निदान स्वतःचा कडबा तरी असतो.

खरंच तूट आहे का, आणि ती का वाढते आहे?

झाशीच्या भारतीय गवत आणि चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट सुमारे ११ टक्के, तर सुक्या चाऱ्याची २३ टक्के आहे. संसदेतही हेच आकडे दिले गेले आहेत. हिरव्यापेक्षा सुक्याची तूट दुप्पट, हे अनेकांना उलटं वाटेल.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर कारण शेतात दिसतं. पंचवीस वर्षांपूर्वी ३० लाख हेक्टरच्या आसपास असलेली रब्बी ज्वारी आता निम्म्याहून खाली आली. खरीप ज्वारी तर नावापुरती उरली. तिची जागा घेतली सोयाबीनने, जे आज राज्यात सुमारे ५० लाख हेक्टरवर आहे. शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत, पाखरं राखावी लागतात आणि दाण्याला भाव नाही. पण जिथे गंजी लागायची तिथे आता काटक्यांचं कुटार आहे. धान्याच्या आकडेवारीत हा बदल ‘पीकपद्धतीतील बदल’ म्हणून नोंदला जातो. गोठ्याच्या बाजूने तो कुणी मोजतच नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीच्या भाकरीचं खूप कौतुक झालं. त्यात कडब्याचं नाव क्वचित ऐकू आलं, आणि माझ्या मते तिथेच गफलत झाली. शेतकऱ्याला ज्वारीकडे परत आणायचं तर दाण्याच्या हमीभावाइतकाच कडब्याच्या भावाचाही विचार लागेल.

त्यात यंत्राची भर. गहू आणि सोयाबीन हार्वेस्टरने काढलं की काड रानातच विखुरतं. ते गोळा करायला बेलर लागतो. तो नसेल तर नांगराखाली किंवा काडीपेटीखाली जातं.

आणि मग पाऊस. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि काही जिल्हाधिकाऱ्यांनी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. अशी बंदी स्थानिक पशुपालकाला दिलासा देते, पण चारा विकून चार पैसे मिळवणाऱ्या शेतकऱ्याचा भाव पाडते आणि ज्या जिल्ह्यात काहीच नाही तिथे टंचाई वाढवते. २०१९च्या दुष्काळात छावण्यांना मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी ९० आणि पुढे १०० रुपये अनुदान होतं. छावणीत पडायचा तो मुख्यतः ऊस आणि वाडं. जनावरं जगली, हे महत्त्वाचंच. पण त्यातल्या किती पुढच्या वेतात दूध देऊ शकल्या, हे अनुदानाच्या हिशेबात येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये उलटं संकट आलं. सीना आणि मराठवाड्यातल्या इतर नद्यांच्या पुरात सोलापूर, धाराशिव, बीडकडे उभं पीक गेलंच, शिवाय साठवलेली वैरण भिजली. भिजलेला कडबा वाळवून घातला तर चालेल का, हा प्रश्न तेव्हा खूप फिरत होता. उत्तर असं आहे : नुसता एकदा भिजून लगेच उन्हात वाळला असेल, काळा पडला नसेल, कुबट वास नसेल, तर चालेल, सत्त्व थोडं कमी झालेलं असेल एवढंच. पण पांढरी, हिरवी, काळी बुरशी दिसली तर नाही. बुरशीचं विष उन्हाने जात नाही. बुरशी लागलेल्या भाताच्या पेंढ्याशी म्हशींमधला देगनाला हा रोग जोडला जातो. त्यात शेपटी, कानांची टोकं आणि खूर सडून गळतात.

ओल्या गठ्ठ्यांचा आणखी एक धोका आहे. पुरतं न वाळलेलं गवत घट्ट बांधून रचलं की आतल्या आत तापतं आणि कधी कधी आपोआप पेट घेतं. गवताच्या गोदामाला आग लागली की दरवेळी कुणीतरी विडी टाकली असेलच असं नाही.

ज्वारीच्या विषाचा मेसेज खरा की खोटा?

‘ज्वारी खाऊन गाई मेल्या, कडबा घालू नका’ असा मजकूर अधूनमधून फिरतो. अर्धा खरा आहे. कोवळी, पाण्याच्या ताणावर असलेली किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेली हिरवी ज्वारी धोक्याची असते. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि जनावर काही मिनिटांत जाऊ शकतं. गावाकडे याला ‘किराळ लागणं’ म्हणतात. पक्व ज्वारीच्या नीट वाळलेल्या कडब्यात हे प्रमाण खूपच कमी झालेलं असतं, तो घालायला हरकत नाही. साधारण फुलोऱ्यानंतरच हिरवी ज्वारी चारायची, हा जुना नियम पुरेसा आहे.

आता पूनम सागरमधल्या ग्राहकाने पाहायचं काय?

तबेले मुंबईबाहेर, पालघर जिल्ह्यातल्या दापचरीकडे हलवण्याचा विषय कित्येक वर्षं कोर्टात आणि मंत्रालयात फिरतो आहे. आरे कॉलनी १९४९ मध्ये सुरू झाली तीही शहरातली गुरं बाहेर काढण्यासाठीच, आणि आज तीच शहराच्या मधोमध आहे. तबेला जितका चाऱ्याच्या जवळ तितकं ट्रकचं भाडं कमी, पण दुधाच्या गाडीचं जास्त. दुधाला बर्फ आणि घाई लागते, गवताला फक्त जागा. त्यामुळे सुटं दूध विकणारा माणूस गिऱ्हाइकाजवळ राहायचा प्रयत्न करतो आणि चारा लांबून आणतो.

म्हणून पुढच्या वेळी दरवाढ झाली की तीन गोष्टी विचारता येतील : गव्हाचा भुसा उत्तरेत कितीला गेला, सोलापूर-नगरकडे रब्बी ज्वारी किती पेरली गेली आणि चुणी-पेंडेचा भाव काय. यातल्या दोन वर गेल्या असतील तर भैयाजी खोटं बोलत नाहीयेत. तिन्ही खाली असतील आणि तरी भाव वाढला असेल, तर मात्र घासाघीस करायला हरकत नाही. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि कडबा बाजारात येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुंबईतला सुट्या दुधाचा घाऊक दरही २०२२ आणि २०२३ मध्ये सप्टेंबर आणि मार्च याच दोन महिन्यांत बदलला होता.